मागलं पान कुठं गेलं

मी शाळेत दोनच वर्षं गेले. तेवढ्यात अक्षरं जोडायला आली, पुढचं काही आलं न्हाई. बसची पाटी वाचते, दवाखान्यातला नंबर वाचते, तेवढ्यावर भागतं. पण कागद मला हातानं कळतो. पुण्यात येऊन कचरा वेचला, आन् गुडघे गेल्यापासनं वारज्यातल्या शेडमधे बसून नुसता कागद वेगळा करते. पांढरा, रंगीत, वर्तमानपत्र, चकचकीत मासिकं, पुठ्ठा. डोळे मिटून पोत्यात हात घातला तरी सांगीन काय हाय ते. वहीतलं पान कुणी फाडलं असंल तर वही उचलतानाच समजतं, शिवण सैल लागते. ह्या जोरावर मी एकदा नातीच्या शाळेत जाऊन भांडून आले. त्याचीच ही हकिकत.

नात आठवीपर्यंत मराठी शाळेत होती. नववीला तिला जवळच्या हायस्कुलात घातली, तिथं गणित-विज्ञान सगळं इंग्रजीतनं. पोरगी हुशार, पण अबोल. पहिल्या सहामाहीत बाकीचं निभावलं, इंग्रजीत गेली. माझा मुलगा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, तो पहाटेचा जातो आन् ट्रॅफिकमधनं सुटून येतो तवा त्याला ताट आन् अंथरूण एवढंच दिसतं. सून चार घरी स्वयंपाक करते. तिनं मार्कांच्या कागदावर सही केली आन् म्हणाली, "नववीत गाळतात ह्या शाळा. दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवायचा असतो त्यांना."

नात म्हणाली, "गाळू देत. मी येते तुझ्याबरोबर. पोळ्या येतात मला."

"तुझ्या पोळ्या बघितल्यात मी. त्या बाया दुसऱ्या दिवशी मलाच काढतील."

दोघी हसल्या. मी न्हाई हसले. पोरगी चिडून, रडून बोलली असती तर मी सोडून दिलं असतं. ती शांतपणे बोलली होती, ठरवून. आमच्या घरात शाळेतनं पाय निघाला की परत जात न्हाई. माझा दुसरीत निघाला, माझ्या मुलाचा आठवीत. सासऱ्यांनी धम्म घेतला तवा पोरं शिकवायची म्हणून शपथ घेतली होती, आन् दोन पिढ्यांत ती कुणाला नीट पाळता आली न्हाई. ह्या पोरीनं दहावीला बसावं, एवढंच मला पाहिजे होतं. त्याच्या आड एक इंग्रजी येत होतं, आन् त्यात मी काय करणार.

दिवाळीनंतर त्यांना इंग्रजीला नव्या मॅडम आल्या. त्यांनी पुस्तकाबरोबर वेगळ्या छोट्या छोट्या गोष्टी शिकवायला घेतल्या. चार चार कागदांच्या, झेरॉक्स काढलेल्या. आन् नियम घातला, की गोष्ट घरी जाऊन कुणाला तरी सांगायची, कुठल्याही भाषेत. ऐकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा, तो प्रश्न वहीत लिहून आणायचा. वार्षिक परीक्षेच्या आधी तोंडी परीक्षा, त्यात एक गोष्ट वर्गासमोर इंग्रजीत सांगायची. गाईड पाठ करून चालणार न्हाई.

नातीचं सगळं पाठांतरच होतं. ती म्हणाली, "संपलं. आता तर नक्कीच गेले."

म्हणलं, "मला सांग गोष्ट."

"तुला काय कळणार, आजी?"

"न्हाई कळलं तर प्रश्न विचारीन. तुला प्रश्नच पाहिजे ना?"

गोष्ट ऐकायची कशी ते मला येतं. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथ वाचतात. एक जण वाचतो. पान झालं की थांबतो आन् समोर बसलेल्यांतल्या कुणालाही विचारतो, सांगा बघू काय झालं. डुलकी काढणारीलाच हमखास विचारतो. सांगता आलं तर पुढं, न्हाईतर तेच पान परत. मी वीस-बावीस पावसाळे असं ऐकलंय. मला वाचता येत न्हाई म्हणून कुणी सूट दिली न्हाई, त्याचं मला लई बरं वाटतं.

तसंच नातीला बसवलं. आधी इंग्रजीत मोठ्यानं वाच. मला एक अक्षर समजत न्हाई, पण ती कुठं अडखळते ते समजतं. जिथं अडखळते तिथं तिला पण समजलेलं नसतं. मंग थांबवायची. सांग काय झालं. ती वैतागायची, "अगं आजी, हे बोअर आहे." म्हणायचं, बोअर तर बोअर, सांग.

पहिल्या दोन गोष्टी अशाच गेल्या. तिसरी ही.

लांबच्या कुठल्या तरी देशातलं एक गाव. घरं लाकडाची, सहा महिने बर्फ. आईबाप गेलेल्या दोन बहिणी, आन् दोघींत मिळून बुटांचा एकच जोड. एक बाहेर गेली की दुसरीनं घरात बसायचं, कारण बर्फात अनवाणी गेलं तर पाय जातो. थोरलीला शहरात गिरणीत काम मिळेल असं कळतं. ती बूट घालून निघते. धाकटीला सांगते, काम न्हाई मिळालं तर रविवारपर्यंत परत येते. मिळालं तर कुणाच्या तरी हाती बूट पाठवते. रविवार जातो. सोमवार जातो. धाकटी खिडकीपाशी बसलेली. जळण संपत आलेलं. मंगळवारी तिला लांब रस्त्यावर कुणीतरी येताना दिसतं. बाई हाय की माणूस, ओळखीचं हाय की परकं, काही कळत न्हाई. ती उठून दाराची कडी काढते.

नात थांबली.

मी म्हणलं, "मंग?"

"मग काय? संपली."

"संपली कशी? कोण आलं?"

"ते नाही दिलंय."

"आण इकडं."

मी झेरॉक्स हातात घेतला. तीन कागद पाठपोट छापलेले, चौथ्याच्या एकाच अंगाला छपाई, पाठ कोरी. मी म्हणलं, "हे बग. मशिनीत कागद अडकला की असंच होतं. रोज ढिगानं येतात असले कागद माझ्याकडं. मागलं पान राहिलंय."

"नाही गं, सगळ्यांचंच असं आहे."

"मंग सगळ्यांचंच राहिलंय. हाच प्रश्न लिही वहीत. मागलं पान कुठं गेलं?"

तिनं न्हाई लिहिला. म्हणाली, वर्ग हसेल. "मुख्य पात्राचा स्वभाव कसा आहे" असलं काहीतरी गाईडमधलं लिहून टाकलं आन् माझं नाव पुढं केलं. मला ते पटलं न्हाई. मी विचारलेलं एक आन् माझ्या नावावर दुसरंच. आन् मला खरंच जाणून घ्यायचं होतं, कोण आलं.

दुसऱ्या दिवशी शेडमधलं काम आटोपलं, हातपाय धुतले, तो झेरॉक्स पदराखाली घेतला आन् शाळेत गेले. वॉचमन म्हणाला, "मावशी, कचरा मागच्या गेटनं." म्हणलं, "आज न्यायला न्हाई, द्यायला आलेय." तो बावचळला, मी आत गेले.

मॅडम शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा नाकावर. बोलणं असं तुटक, की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं.

"आपण कोणाच्या?"

"नववीतल्या, मागल्या बाकावर बसते, बोलत न्हाई, तिची मी आजी."

"न बोलणारी एकच असती तर ओळखलं असतं. मी शिकवायला लागले की अख्खा वर्ग बोलत नाही."

मी कागद पुढं केले. म्हणलं, "राग मानू नका, मॅडम, पण झेरॉक्सवाल्यानं तुम्हाला फसवलंय. मागलं पान छापलंच न्हाई. बगा, पाठ कोरी हाय."

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "आजी, पान नाही राहिलेलं. गोष्ट तिथेच संपते."

"कोण आलं ते न सांगता?"

"हो."

"लिहिणाऱ्याला तरी ठाऊक होतं का?"

"असेल. सांगायचं नव्हतं त्याला."

"असल्या माणसाला आमच्या विहारात कुणी वाचायला बसवणार न्हाई."

त्यांनी चष्मा काढला. "पुण्यात राहून आजपर्यंत माझ्याकडे सगळ्या तक्रारी लेखी आल्या. गोष्ट अपुरी आहे म्हणून चालत आलेल्या तुम्ही पहिल्या. बसा. तुम्हाला काय वाटतं, कोण येतंय?"

"परकं माणूस. हातात बूट घेऊन."

"इतकं खात्रीने?"

मंग मी सांगितलं. काय सांगितलं ते इथंही सांगून टाकते.

दुष्काळाच्या साली मी नवी नवरी होते, चौदा-पंधरा वर्षांची. पुरुष कामाच्या शोधात पुण्याकडं आलेले. घरात सासू, मी आन् थोरली जाऊ. आम्हा दोघींत मिळून एक धड लुगडं होतं. दुसऱ्याच्या चिंध्या झालेल्या, घरात गुंडाळायच्या कामाच्या. खडी फोडायचं सरकारी काम निघालं, तिथं रोज कुणीतरी एकीनं जायचं. एक दिवस ती, एक दिवस मी. जिची पाळी नसंल तिनं दार लोटून आत बसायचं. पाणी आणायला पण बाहेर पडायचं न्हाई. एके दिवशी ती गेली आन् आली न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. सासूला दिसत कमी होतं, ती कुठं जाणार. मी दारामागं बसून पावलं ऐकायचे. चौथ्या दिवशी एक अनोळखी बाई आली. तिच्या हातावर घडी केलेलं लुगडं होतं. धुतलेलं. म्हणाली, तुमच्या जावेला जुलाब लागले, कामावरनंच तालुक्याला दवाखान्यात नेली, तिथले कपडे घातले तिला. ती म्हणाली, हे आधी घरी पोचवा, तिथं पोर अडकून बसलीय.

मी ते लुगडं नेसून तालुक्याला गेले. तोवर ती गेली होती.

मॅडमनी समोरची वही मिटली. मंग म्हणाल्या, "हे नातीला सांगितलंय?"

"न्हाई. मुलाला पण न्हाई. त्यात सांगण्यासारखं काय हाय? त्या वेळी सगळ्यांचंच तसं होतं."

"आजी, मी इतकी वर्षं मुलांना सांगतेय, त्या दारामागे आपण असतो तर काय केलं असतं ते लिहा. मला सगळे लिहून देतात, ती खूप दुःखी होती. गाईडमध्ये तसंच आहे." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले. "घरी जाऊन तिला हे सांगा. तोंडी परीक्षेला तीन आठवडे आहेत. आणि वॉचमनला सांगा, मी बोलावलं होतं. नाहीतर पुढच्या वेळी अडवेल."

पुढच्या वेळी, असं म्हणाल्या त्या. मला ते परतीच्या वाटेवर कळलं.

सांगायला मला दोन दिवस लागले. तोंड उघडायचं आन् दुसरंच काहीतरी निघायचं, दळण आणलं का, नळ आला का. शेवटी ती वाचायला बसली तवा तिला म्हणलं, आज तू ऐक. सून पलीकडं कणीक मळत होती. मी जसं मॅडमना सांगितलं तसंच सांगितलं, वर न्हाई खाली न्हाई. झाल्यावर नातीनं विचारलं, "दार लोटून बसायचीस तेव्हा काय करायचीस दिवसभर?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. आठवून बघितलं. म्हणलं, "राग यायचा. तिचा. ती बाहेर वारा खाते, चार माणसांत बोलते, आन् मी हितं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर असले की तिला यायचा."

"म्हणजे धाकटीला पण राग आला असेल. रविवारी."

"रविवारी आलाच असणार. सोमवारी भीती वाटायला लागली असंल."

तिनं पेन्सिल घेतली आन् कागदाच्या कडेला लिहिलं. मंग म्हणाली, "पण आजी, परकं माणूस नाहीये ते. बहीणच आहे."

"कशावरनं?"

"काम नाही मिळालं. परत आली."

"दोन दिवस उशिरा?"

"ट्रॅफिक असेल," सून म्हणाली कणकेतनं मान वर न करता. "तुझ्या बापाला विचार."

तिथनं जे भांडण लागलं ते तीन आठवडे पुरलं. मी म्हणायचे परकं माणूस, ती म्हणायची बहीण. मी म्हणायचे, बहीण असती तर धाकटीनं चालीवरनं ओळखलं असतं. ती म्हणायची, बर्फातनं सगळ्यांची चाल सारखीच होते. मी म्हणायचे, तू कधी बर्फ बघितला? ती म्हणायची, तू बघितलास? बाजू मांडायला ती परत परत इंग्रजी कागदात शिरायची, हे बघ इथं काय लिहिलंय. एकेक शब्द शाळेत विचारून यायची. एक दिवस म्हणाली, मॅडम म्हणाल्या, आजीला सांग, त्या म्हणतात तेही बसतं. मी म्हणलं, बसतं म्हणजे? हुकलं का बरोबर आलं? ती म्हणाली, तसं नसतं त्यात. मला ते अजून पटलेलं न्हाई, पण पोरगी बोलत होती. जेवताना बोलत होती, भांडी घासताना बोलत होती. हिला गप्प कर म्हणायची वेळ आली होती, आन् घरात कुणी म्हणत नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ती घरी आली, दप्तर ठेवलं आन् पाणी प्याली. मी विचारलं न्हाई. सुनेनं विचारलं.

"सांगितली गोष्ट," नात म्हणाली. "मधे दोनदा थांबले. मॅडमनी वाट बघितली."

"मंग?"

"मग त्यांनी विचारलं, कोण येतंय. मी म्हटलं, माझी आजी म्हणते परकं माणूस, मी म्हणायचे बहीण. पण आता मला वाटतं, कोण येतंय त्यानं फरक पडत नाही. बर्फातून अनवाणी कोणी चालत येणार नाही. म्हणजे बूट येतायत. कोणीही आलं तरी ती बाहेर पडणार."

सुनेचा हात थांबला. माझा पण.

"तर मॅडम म्हणाल्या, पोस्टमन असला तर? त्याचे बूट त्याचे स्वतःचे."

"अग बाई. मंग?"

"मी अडकले. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी म्हटलं, पत्र वाचायच्या आधी ती त्याला आत बसवेल, चहा देईल आणि तेवढ्या वेळापुरते त्याचे बूट मागून घेईल. जळण आणायला." नात हसायला लागली. "सगळा वर्ग हसला, आजी. मॅडम पण. सगळं इंग्रजीत सांगितलं मी, चुकत चुकत."

ती हातपाय धुवायला गेली. मी तिथंच बसून राहिले. जाऊ आली न्हाई, एवढंच मी आयुष्यभर धरून बसले होते. तिनं मरता मरता लुगडं पाठवलं, आन् त्याच्यावर मी घराबाहेर पडले, पुण्याला आले, माझं पुढचं सगळं झालं, ही बाजू मी कधी नीट बघितली नव्हती. तिचे उपकार मानायचे राहून गेले होते. ते मी त्या दिवशी मानले. मनातल्या मनात, भाजी निवडत.

मार्चअखेर लेखी झाली. निकालाच्या दिवशी मुलाला रजा न्हाई, सुनेच्या एका घरी पाहुणे, म्हणून मी गेले. वॉचमननं गेट उघडलं आन् "या आजी" म्हणाला. वर्गाबाहेर आईबापांची रांग होती. आमचा नंबर आला तवा मॅडमनी कागद पुढं सरकवला. मला आकडे दिसले, पण पास का नापास ते आकड्यांवरनं मला कळेना. मी नातीच्या तोंडाकडं बघितलं. ती कागदाकडं बघत होती, परत परत.

"दहावी," मॅडम म्हणाल्या. "लेखीत काठावर आहे. तोंडीने वर काढलं. दहावीत तोंडी तारून नेणार नाही, तेव्हा आतापासून लिहायला लाव तिला, असं तिच्या आईला सांगा."

मी हात जोडले. म्हणलं, "मॅडम, तुमचे उपकार लई हायत."

"उपकार कसले. पेपर तिने लिहिला, गोष्ट तुम्ही सांगितली. मी फक्त झेरॉक्स काढले."

"ते पण अपुरे," मी म्हणलं.

त्या हसल्या आन् मागच्या पालकांना पुढं बोलावलं. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. तुम्ही माझ्यासारखीला खुर्ची दिली, माझं ऐकून घेतलं, घरी जाऊन सांगा म्हणालात, न्हाईतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. ते तिथं बोलता आलं न्हाई, म्हणून हितं बोलते.

बाहेर उन्हाचा नुसता जाळ. नात म्हणाली, दहावीचे वर्ग सुट्टीच्या आधीच सुरू होतात, सोमवारपासनं. जुनी पुस्तकं मिळतात ते दुकान दुपारी बंद होतं, त्याच्या आत गाठायला पाहिजे. ती बोलत बोलत भरभर चालत होती, आन् दर दहा पावलांवर माझ्यासाठी थांबत होती.

मी म्हणलं, "माझ्यासाठी थांबू नकोस. दुकान बंद होईल. तू हो पुढं."

"तुला रस्ता ओलांडता येईल?"

"इतकी वर्षं कोण ओलांडून देत होतं? जा."

ती गेली. मी सावलीच्या कडेनं हळूहळू निघाले.